समेटाला बसवण्याआधी: कुटुंब न्यायालयात हिंसेची जोखीम पहिल्याच भेटीत कशी तपासावी

फाइल हातात आली की नवा समुपदेशक बहुतेक वेळा विचारतो, "एकत्र नांदायची तयारी आहे का?" हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते असं: या दोघांना एका खोलीत, एका टेबलापाशी बसवलं तर कुणाच्या जिवाला धोका आहे का? आणि हे दोघांना शेजारी बसवून विचारता येत नाही.

पुण्यात शिवाजीनगरच्या कुटुंब न्यायालयात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी हा लेख आहे: विवाह समुपदेशक, फील्डवर्कला आलेले समाजकार्याचे विद्यार्थी, पहिलीवहिली वकीलपत्रं घेणारे ज्युनियर वकील, संरक्षण अधिकाऱ्याच्या (घरगुती हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या) हाताखाली काम करणारे कर्मचारी. वकिलांनी तो जरूर वाचावा, कारण पक्षकार समुपदेशकाकडे पोचण्याआधी त्यांच्याकडे आलेला असतो.

तपासणी करायचीच कशाला

कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ९ नुसार न्यायालयाला समेटाचा प्रयत्न करावा लागतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम २३(२) तेच सांगतं. धर्मांतर, मनोविकार, संन्यास, सात वर्षं ठावठिकाणा नसणं अशा कारणांवरच्या अर्जांना त्यात सूट आहे, क्रौर्याला नाही. म्हणजे मारझोडीला कंटाळून जिने घटस्फोट मागितला, तिची फाइलसुद्धा समेटासाठी आपल्याकडे येणार. पण कायदा प्रयत्न करा म्हणतो. दोघांना समोरासमोर बसवाच, असं म्हणत नाही. एकत्र बैठक घ्यायची, वेगवेगळं भेटायचं की प्रयत्न इथेच थांबवावा असं न्यायालयाला कळवायचं, हे ठरवायला आधी जोखीम माहीत हवी.

ती आपोआप कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) असं दिसलं की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितली होती. बाकीच्या न्यायालयात आल्या तरी विचारल्याशिवाय सांगत नाहीत. अर्जात "मतभेद" लिहिलेलं असतं, परस्पर संमतीच्या अर्जात तर तेवढंही नसतं.

कुटुंब न्यायालय कायद्यात जोखीम तपासण्याचा ठरावीक नमुना दिलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या कुटुंब न्यायालयाने २०२० च्या अखेरीस 'लाइटहाउस' नावाची पद्धत सुरू केली. मुलांच्या ताब्याचा दावा दाखल झाला की दोन्ही पक्षांना प्रश्नावली पाठवतात. ती भरणं ऐच्छिक असतं, उत्तरं गोपनीय राहतात, पुरावा म्हणून वापरली जात नाहीत, आणि जास्त जोखमीची प्रकरणं वेगळ्या यादीत घेऊन लवकर हाताळली जातात. तिथली यंत्रणा आपल्याकडे नाही. पण तिच्यातली तीन तत्त्वं, म्हणजे सगळ्यांना विचारणं, सुरुवातीलाच विचारणं आणि उत्तराला पुराव्यापासून दूर ठेवणं, यांना पैसे लागत नाहीत. ती उद्यापासून पाळता येतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तपासणी म्हणजे चौकशी नव्हे. खरं कोण, खोटं कोण हे आपण ठरवत नाही. ते न्यायाधीशांचं काम. आपण फक्त पुढची पावलं सुरक्षित कशी टाकायची ते ठरवतो.

भेटीआधीची तयारी

प्रत्येक पक्षकारासाठी पंधरा ते वीस मिनिटं राखून ठेवा. दार लागणारी खोली हवी. कॉरिडॉरमधल्या बाकावर, वकिलाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर किंवा कँटीनमध्ये हे प्रश्न विचारू नका. खोलीत तुमची खुर्ची दारापाशी आणि पक्षकाराची आत, अशी मांडणी अनेकदा असते. ती बदला. घाबरलेल्या माणसाला दार दिसलं पाहिजे आणि त्याची वाट अडलेली नसावी.

जवळ एका कागदावर नंबर लिहून ठेवा: पोलीस मदत ११२, महिला हेल्पलाइन १८१, चाइल्ड हेल्पलाइन १०९८, विधी सेवा १५१००, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. शिवाय जिल्हा संरक्षण अधिकाऱ्याचं कार्यालय, सखी वन स्टॉप सेंटर (पीडित स्त्रियांसाठीचं सरकारी मदत केंद्र) आणि पोलिसांचा भरोसा सेल (स्त्रिया-मुलांच्या तक्रारींसाठीचा कक्ष) यांचे चालू नंबर. ते दर महिन्याला एकदा लावून बघा. ऐन वेळी बंद नंबर हाती देणं म्हणजे मदत नाही असंच सांगणं.

पायरी १: कागद वाचून घ्या

पक्षकाराला बोलवण्याआधी अर्ज, जबाब आणि जोडलेली कागदपत्रं वाचा. शोधायच्या गोष्टी अशा: पोलिसांत दिलेली अदखलपात्र तक्रार (न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस जिचा तपास करत नाहीत ती), भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ चा, म्हणजे नवऱ्याकडून किंवा सासरकडून होणाऱ्या छळाचा गुन्हा (२०२४ च्या जुलैआधीचा असेल तर ४९८-अ), डीव्हीची, म्हणजे घरगुती हिंसाचार कायद्याखालची केस, दवाखान्याचे कागद, मुलाच्या ताब्यावरून झालेली ओढाताण. अदखलपात्र तक्रारी तीन-चार असतील तर त्यांच्या तारखा क्रमाने मांडा. अंतर कमी होत चाललंय का ते बघा.

घर कधी सोडलं ती तारीखही महत्त्वाची. बाई घराबाहेर पडली म्हणजे धोका टळला, असं नवख्यांना वाटतं. उलट, ताबा सुटतोय असं ज्याला वाटतं तो वेगळं झाल्यानंतरच्या काही महिन्यांत जास्त घातक होऊ शकतो. नोटीस हातात पडण्याचा दिवस, पोटगीचा हुकूम होण्याचा दिवस, मुलाच्या ताब्याचा निकाल हे सगळे असे टप्पे आहेत. अर्ज दाखल करणाऱ्या वकिलाने तर "नोटीस साधारण कधी लागेल आणि त्या दिवशी तुम्ही कुठे असाल" हे पक्षकाराशी आधीच बोलून ठेवावं.

पायरी २: दोघांना वेगवेगळं बोलवा

एकाच दिवशी बोलवायचं असेल तर वेळेत किमान अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. ज्याला धोका असण्याची शक्यता जास्त, त्याला आधी बोलवा आणि आधी जाऊ द्या. दुसरा पक्ष खोलीत तुमच्यासमोर बसलेला असताना पहिला इमारतीबाहेर पडायला हवा. इमारतीतल्या वाटा तेवढ्याच असतात. जिना, लिफ्टची रांग, पार्किंग, जिल्हा न्यायालय मेट्रो स्टेशनकडे जाणारा रस्ता, इथे गाठ पडते. पुढची तारीख ई-कोर्ट ॲपवर दोघांनाही दिसते, म्हणजे घाबरलेला पक्षकार कोणत्या दिवशी कुठे असणार हे समोरच्याला आयतंच ठाऊक असतं. म्हणून तारखेच्या दिवशी कोण सोबत येणार, कशाने जाणार, हे विचारून घ्या.

सोबत आलेल्या नातेवाइकांना बाहेर बसवा. यात आई, भाऊ, मामा सगळे आले. माहेरचा माणूस आहे म्हणून ती मोकळी बोलेल असं धरू नका. बऱ्याचदा "नांदायला परत जा" असा दबाव माहेरचाच असतो, किंवा जे सोसलं ते आईला कळू नये अशी तिची धडपड असते. सांगायची पद्धत साधी ठेवा: "काकू, सगळ्यांशी मी एकेकटं बोलते, आमचा नियमच आहे. तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा." नियम आहे म्हटलं की कुणाचा मान दुखावत नाही आणि संशयही येत नाही.

भाषेची अडचण असेल तर घरच्या माणसाला दुभाषी करू नका, मुलाला तर मुळीच नको. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या नोकऱ्यांमुळे तेलुगू, कन्नड, बंगाली बोलणारी जोडपी येतात. तिला मोडकंतोडकं हिंदी येत असलं तरी हे प्रश्न तिच्या भाषेत व्हायला हवेत. विधी सेवा प्राधिकरणाकडे दुभाष्याची सोय होते का विचारा, तोवर पुढची तारीख द्या.

मोबाइलचं काय? बंद करून पिशवीत ठेवायला सांगा. चालू कॉलवर बाहेरचा माणूस ऐकत असतो, लोकेशन शेअर असतं, कधी रेकॉर्डिंग चालू असतं. मात्र फोन बंद दिसला तर घरी जाब विचारला जाईल अशी तिला भीती असेल, तर तो चालू ठेवून बाहेर सोबत्याकडे द्या. फोन बंद करायला ती कचरली, हीसुद्धा नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

पायरी ३: विचारायचं कसं

सुरुवात गोपनीयतेपासून करा आणि तिच्या मर्यादाही तिथेच सांगा. "ताई, इथे जे बोलाल ते मी समोरच्या पक्षाला सांगणार नाही. पण कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल, तर मला गप्प बसता येत नाही." दुसरी मर्यादा पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ मुळे येते. अशी माहिती कळल्यावर पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे. हे आधी न सांगता नंतर कळवलं तर तिचा तुमच्यावरचा विश्वास कायमचा उडतो.

"तुमच्यावर घरगुती हिंसा होते का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही" येतं. तीच बाई पुढच्या वाक्यात म्हणते, "तसं काही नाही, रागाच्या भरात दोन-चारदा हात उचललाय फक्त." म्हणून हिंसा, अत्याचार, छळ हे शब्द प्रश्नात आणू नका, कृतीबद्दल विचारा. क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवा.

आधी घरातला रोजचा व्यवहार. घरात वाद झाला की पुढे काय होतं? तुमचा पगार कुणाच्या खात्यात जातो, एटीएम कार्ड कुणाकडे असतं? माहेरी फोन करायला विचारावं लागतं का? फोनचा पासवर्ड आणखी कुणाला ठाऊक आहे? या प्रश्नांना लोक सहज उत्तरं देतात आणि नियंत्रण किती घट्ट आहे ते इथेच कळतं. मार एकदाही नाही, पण भाजीच्या पैशाचाही हिशेब आणि बाहेर पडायला परवानगी, अशी घरं कमी जोखमीची समजू नका. घरगुती हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चारही प्रकार आहेत.

मग अंगावर येणारे प्रश्न. ढकललं, थोबाडीत मारली, केस धरून ओढलं, लाथ मारली, असं झालंय का? शेवटचं कधी? पहिल्यापेक्षा आता वाढलंय का? पट्टा, लाटणं, सुरी, कोयता हातात घेतला का? रॉकेल, पेट्रोल, गॅस, ॲसिड यांची धमकी? गरोदरपणात मारलं का? तुमची इच्छा नसताना जबरदस्ती होते का? हा शेवटचा प्रश्न विचारायला नवख्यांची जीभ अडखळते. अडखळू देऊ नका. आवाज न बदलता, आधीच्या प्रश्नाच्याच लयीत विचारा आणि उत्तराची घाई करू नका.

गळ्याचा प्रश्न कधीही गाळू नका. "गळा दाबला का?" एवढंच विचारलंत तर "नाही, नुसतं भिंतीला धरलं होतं" असं उत्तर येईल. म्हणून फोड करून विचारा: "मानेला कधी हात घातला? हाताने, ओढणीने, कोपराने, उशीने? श्वास अडला? डोळ्यांपुढे अंधारी आली? नंतर आवाज बसला, गिळताना दुखलं? कपड्यात लघवी झाली?" २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त होती. गळ्यावर वळ नाही म्हणून दाब कमी होता असं समजू नका. अनेकदा बाहेर काहीच दिसत नाही आणि आतल्या रक्तवाहिनीची इजा काही तासांनी, कधी काही दिवसांनी डोकं वर काढते. घटना ताजी असेल, लक्षणं असतील, तर समुपदेशन तिथेच थांबवून ससूनला किंवा जवळच्या रुग्णालयात पाठवा आणि डॉक्टरांना "गळा दाबला होता" हे शब्द तसेच सांगायला सांगा. "अंग दुखतंय" म्हटलं तर मानेकडे कुणी बघणार नाही.

त्यानंतर धमक्या आणि पाठलाग. मारून टाकीन, मुलाला उचलून नेईन, तुझे फोटो टाकीन, असं कुणी म्हटलंय का? ऑफिसच्या, शाळेच्या गेटबाहेर उभा राहतो का? सोसायटीच्या वॉचमनकडे चौकशी करतो का? आणि "मी स्वतःला संपवीन" असं तो म्हणतो का? आत्महत्येची धमकी हे निव्वळ नाटक समजून सोडू नका. ती त्याच्याही जिवाची जोखीम आहे आणि तिच्याही. तिलाही विचारा: जगू नये असं वाटतं का, त्यासाठी काही ठरवलंय का? विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही.

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा: "आज इथून घरी जायची भीती वाटते का? पुढच्या पंधरा दिवसांत काय होईल असं तुम्हाला वाटतं?" त्या घरात राहिलेल्या माणसाचा अंदाज कुठल्याही फॉर्मपेक्षा गांभीर्याने घ्या. फक्त एवढं ध्यानात ठेवा की "भीती वाटते" याला वजन आहे; "नाही वाटत" याला तितकं नाही. सवय झालेली माणसं धोका कमी लेखतात.

हेच प्रश्न, याच क्रमाने, दुसऱ्या पक्षालाही विचारायचे. अर्ज कुणी टाकला यावरून पीडित कोण ते ठरत नाही. मार खाणारे नवरे असतात, मुलाच्या संसारात भरडली जाणारी सासू असते. विचारताना एकाचं बोलणं दुसऱ्यापुढे चुकूनही येता कामा नये. "तुमच्या मिसेस म्हणतात तुम्ही गळा दाबलात" हे एक वाक्य तिला त्याच रात्री महागात पडू शकतं. सगळ्या तपासणीत याहून मोठी चूक नाही. तुम्ही सर्वांना तेच प्रश्न विचारता, हे आधी स्पष्ट केलं असेल तर "तिने काहीतरी सांगितलंय" असा संशयही येत नाही.

पायरी ४: उत्तरं तोलताना

गुण देऊन बेरीज करण्याचा मोह होतो. चार प्रश्नांची 'हिट्स' ही प्रश्नावली दवाखान्यांत वापरतात. प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ४ ते २०, आणि १० च्या वर गेलं की धोक्याची खूण. जोडीदाराकडून जिवाला किती धोका आहे हे बघण्यासाठी जॅकलिन कॅम्पबेल यांची वीस प्रश्नांची 'डेंजर असेसमेंट' आहे. तिच्यात पीडितेसोबत कॅलेंडर घेऊन वर्षभरातल्या मारहाणीच्या तारखांवर खुणा करतात. ही कॅलेंडरची युक्ती आपल्याकडे फार चालते. तारीख आठवत नसली तरी गणपतीच्या आधी की नंतर, मुलाच्या परीक्षेत की सुटीत, असं विचारत गेलं की क्रम लागतो. मग वाढत चाललंय की नाही हे तिलाच कागदावर दिसतं.

पण नुसत्या बेरजेवर निर्णय सोडू नका. काही उत्तरं एकटीच पुरेशी असतात: गळा दाबणं, हत्यार किंवा पेटवण्याची धमकी, मारून टाकीन म्हणणं आणि त्याच सुमारास वेगळं होणं, वाढत चाललेला पाठलाग, मूल पळवण्याची धमकी, आत्महत्येची ठरलेली योजना, गरोदरपणातली मारहाण. यातलं एकही "हो" आलं तर प्रकरण तातडीचं धरा, बाकी सगळी उत्तरं "नाही" असली तरी.

त्याखालची पायरी लक्ष ठेवण्याची. नियंत्रण आहे, अधूनमधून मारहाण झाली आहे, पण वरचं काही नाही. इथे एकत्र बैठक घेऊ नका, वेगवेगळं भेटा आणि महिन्याभरात पुन्हा विचारा. आणि ज्यांच्या बाबतीत काहीच आढळलं नाही, त्यांच्या फाइलवर "धोका नाही" असं लिहू नका. "या तारखेला धोका आढळला नाही" असं लिहा. पहिल्या भेटीत खरं न सांगणारे बरेच असतात. नंतर सांगितलं म्हणून ते खोटं ठरत नाही.

पायरी ५: तातडीचं निघालं तर त्याच दिवशी

विचारून झाल्यावर हातात काही न देता पाठवणं हे न विचारण्याहून वाईट. तिने सांगण्याचा धोका पत्करलेला असतो.

आधी तिला काय हवंय ते विचारा. पोलिसांत जायचं की नाही हा निर्णय तिचा. त्या क्षणी जिवाला धोका असेल किंवा मुलाचा प्रश्न असेल तेवढाच अपवाद. मग पुढचे मार्ग समजावून सांगा.

कायद्याचा सरळ रस्ता दोन ठिकाणांहून जातो. एक, घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत लागावी असं कायदा सांगतो, आणि बाई पुण्यात तात्पुरती माहेरी राहत असली तरी अर्ज इथे करता येतो. कलम २३ खाली समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश मिळू शकतो. त्यासाठी या कायद्याच्या २००६ च्या नियमांतल्या नमुना ३ चं प्रतिज्ञापत्र लागतं. दुसरा रस्ता अनेक ज्युनियर वकिलांना माहीत नसतो. कलम २६ मुळे संरक्षण, निवास, खर्च, मुलांचा ताबा आणि भरपाई हे कलम १८ ते २२ मधले दिलासे कुटुंब न्यायालयातल्या चालू दाव्यातच मागता येतात. पुण्याच्या लघुवाद न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली या कलमाचा अर्थ व्यापक लावला आणि सुनेला निवासाचा हक्क त्याच दाव्यात मागता येतो असं सांगितलं. मात्र एकीकडे मिळालेला दिलासा दुसऱ्या न्यायालयाला कळवणं बंधनकारक आहे. संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कुणी थांबली तर तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. शक्य असेल तर सोबत माणूस द्या, चिठ्ठी देऊन बोळवण करू नका.

पोलिसांकडे पाठवताना हद्द बघा. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण ही तीन वेगळी पोलीस दलं आहेत. सासर वाकडला, माहेर शिरूरला आणि घटना शिवाजीनगरला, अशा बाईला तिन्हीकडून "आमच्या हद्दीत येत नाही" ऐकावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (पोलीस ज्याचा तपास थेट सुरू करू शकतात त्या गुन्ह्याची) खबर हद्दीबाहेरची असली तरी घ्यावी लागते. हे वाक्य तिला कागदावर लिहून द्या.

सुरक्षा योजनेसाठी नवा फॉर्म शोधू नका. २००६ च्या नियमांतला नमुना ५ हाच आहे: काय हिंसा झाली, परिणाम काय, पुढची भीती कशाची, उपाय कोणते हवेत, न्यायालयाकडून कोणता आदेश हवा, असे रकाने. तो भरताना कोरडी उत्तरं लिहू नका. "शेजाऱ्यांची मदत घेईन" याचा उपयोग नाही. कोणते शेजारी, त्यांना आधी सांगितलंय का, दार वाजवलं तर ते उघडतील का, हे विचारा. आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, औषधं आणि स्त्रीधनाची यादी कुठे ठेवायची ते ठरवा. पिशवी भरून कपाटात ठेवायला सांगू नका, ती सापडली की तेच निमित्त होतं. कागद मैत्रिणीकडे किंवा माहेरी असू द्या. फोन तपासला जात असेल तर योजनेचा फोटो तिच्या व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

मार खाणारा पुरुष असेल तर २००५ चा कायदा त्याला लागू होत नाही, पण दुखापत आणि धमकीची फौजदारी कलमं होतात. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे.

पायरी ६: नोंद आणि न्यायालयाला अहवाल

तपासणीचा कागद मुख्य फाइलमध्ये लावू नका. तो वेगळ्या, कुलूपबंद कपाटात ठेवा. फाइलची पाहणी दोन्ही वकील करतात, प्रतही काढतात.

न्यायालयाला कळवायचं ते शिफारशीपुरतं. "समुपदेशनाच्या दृष्टीने एकत्र बैठक योग्य वाटत नाही. पक्षकारांना स्वतंत्र वेळा द्याव्यात. अपत्याची भेट सध्या देखरेखीखाली व्हावी." बस, इतकंच. कोण काय म्हणालं, कुणी गळ्याला हात घातला, हे अहवालात येऊ नये. ते सिद्ध करायचं असेल तर तिच्या वकिलाने प्रतिज्ञापत्रावर मांडावं.

पत्त्यावर डोळा ठेवा. ती नव्या जागी लपून राहत असेल तर पत्ता अहवालात, रोजनाम्यात (न्यायालयाच्या तारीखवार नोंदीत), पोटगीच्या अर्जात कुठेही सुटू नये. सर्वांत जास्त वेळा तो उत्पन्नाच्या प्रतिज्ञापत्रातून फुटतो: भाडेकरार, बँकेच्या शाखेचं नाव, विजेचं बिल, मुलाच्या शाळेची फीची पावती. हे कागद जोडण्याआधी वकिलाने पत्ता झाकण्याची परवानगी न्यायालयाकडे मागावी आणि पत्रव्यवहार आपल्या ऑफिसच्या पत्त्यावर घ्यावा.

मुलांच्या भेटी

नवराबायको एरवी भेटत नसले तरी मुलाला देताघेताना दर आठवड्याला समोरासमोर येतात. त्यामुळे सोसायटीचं गेट किंवा आजोळचा उंबरा ही जागा नकोच. तातडीच्या प्रकरणात भेट न्यायालयातल्या मुलांच्या कक्षात ठेवण्याची शिफारस करा. मूल आणणारा आधी येईल, सोडून बाजूला जाईल, मग दुसरा येईल, असा क्रम लिहून द्या आणि मधलं अंतर मिनिटांत लिहा. "समजुतीने ठरवावे" असं लिहिलेल्या भेटी सगळ्यात आधी भांडणात निघतात.

मुलाशी बोलायची वेळ आली तर "आई हवी की बाबा" हा प्रश्न काढू नका. "घरात मोठ्याने भांडण झालं की तू कुठे असतोस? तेव्हा काय करतोस?" एवढं पुरतं. धाकट्या बहिणीला घेऊन बाथरूममध्ये कडी लावून बसतो, असं सहा वर्षांचं पोर सांगतं तेव्हा त्या घरातली जोखीम मोजायला दुसरं काही लागत नाही.

समेट झालाच तर, आणि पुन्हा कधी विचारायचं

हिंसा झालेली आहे आणि तरीही ती परत जायचं म्हणते, असं पुष्कळदा होतं. तिचा निर्णय मोडू नका, पण अटी पक्क्या करा. घरगुती हिंसाचार नियमांतला नियम १४ इथे वाट दाखवतो: पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याने द्यावी, आणि झालेल्या हिंसेचं समर्थन त्याला समुपदेशनात मांडू देऊ नये. "तिने उलट उत्तर दिलं म्हणून" हे वाक्य आलं की तिथेच थांबवा. समेटाच्या अटींत मोबाइल, पगाराचं खातं, माहेरी जाणं-येणं आणि पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी एकटीने समुपदेशकाला भेटणं, हे लेखी घ्या.

परस्पर संमतीच्या अर्जातही तपासणी गाळू नका. संमती दबावाने घेतलेली नाही याची खात्री न्यायालयाला करायची असते. पोटगी, स्त्रीधन, घरावरचा हक्क हे सगळं एकाच वाक्यात सोडून दिलेलं दिसलं, तर तिला एकटीला बसवून शांतपणे विचारा की हे कुणी ठरवलं.

आणि तपासणी एकदा करून संपत नाही. नोटीस बजावल्यावर, अंतरिम पोटगी किंवा ताब्याचा आदेश झाल्यावर, भेटीची जागा किंवा वेळ बदलल्यावर, कुणाचं दुसरं लग्न ठरल्याचं कळल्यावर, नोकरी गेल्यावर, तारखेला एखादा पक्षकार अचानक यायचा बंद झाल्यावर पुन्हा विचारा. यायची बंद झालेली बाई समेट झाला म्हणून आली नसेल असं गृहीत धरून फाइल निकाली काढू नका. आधी तिच्या वकिलाकडून किंवा तिने स्वतः दिलेल्या सुरक्षित नंबरावरून ती ठीक आहे याची खातरजमा करा, आणि फोन दुसऱ्या कुणी उचलला तर न्यायालयाचं नाव न घेता ठेवून द्या.